विजेचं उपकरण लॅबमध्ये पास व्हावं म्हणून: सुरक्षा मानकं आणि चाचण्या, टप्प्याटप्प्याने

बरेच छोटे उत्पादक उपकरण पूर्ण तयार झाल्यावर लॅबचा विचार करतात. साचे बनलेले असतात, पीसीबी (सर्किटच्या छापील पाट्या) छापून आलेले असतात, खोकीसुद्धा छापखान्यातून आलेली असतात. मग रिपोर्टमध्ये दोन ओळी येतात: अमुक ठिकाणी अंतर कमी, तमुक प्लास्टिक ग्लो वायर (लालबुंद तापवलेल्या तारेच्या) चाचणीत जळलं. डिझाइन कागदावर असताना एक रेघ सरकवून हे पाच मिनिटांत सुधारता आलं असतं. आता त्यासाठी साचा पुन्हा कापावा लागतो.

हे टाळता येतं. त्यासाठी मानक पाठ करायची गरज नाही, पण त्यामागचा विचार पक्का डोक्यात बसायला हवा. सुरक्षा मानकातला जवळपास प्रत्येक नियम एकाच प्रश्नातून आला आहे: यातली कोणतीही एक गोष्ट बिघडली तर वापरणाऱ्याचं काय होईल? अर्थिंगची वायर तुटली, थर्मोस्टॅट चिकटून बसला, इन्सुलेशन फाटलं, मोटर अडकली. एका बिघाडाने कुणाला शॉक बसता कामा नये आणि आगही लागता कामा नये. पुढचा प्रत्येक टप्पा या प्रश्नाला धरून वाचला की आकडे आपोआप लक्षात राहतात.

उदाहरणासाठी २३० व्होल्टवर चालणारी, धातूच्या अंगाची, १५०० वॅटची पाणी उकळण्याची किटली घेऊ. मोटरबद्दल बोलायचं तिथे मिक्सर घेऊ.

टप्पा १: कोणतं मानक लागतं ते आधी ठरवा

विद्युत उपकरणांची आंतरराष्ट्रीय मानकं प्रामुख्याने आयईसी ही संस्था काढते. तिची स्थापना १९०६ साली झाली. बहुतेक देश हीच मानकं थोडेफार बदल करून आपल्या क्रमांकाने स्वीकारतात.

घरगुती उपकरणांसाठी आयईसी ६०३३५ ही मालिका आहे. तिचा भाग १ सगळ्यांना लागू होतो आणि भाग २ मध्ये प्रत्येक प्रकारच्या उपकरणासाठी वेगळं पुस्तक आहे. किटलीसाठी ६०३३५-२-१५, मिक्सरसारख्या स्वयंपाकघरातल्या यंत्रांसाठी ६०३३५-२-१४, इस्त्रीसाठी ६०३३५-२-३, पंख्यासाठी ६०३३५-२-८०. दोन्ही भाग शेजारी ठेवून वाचायचे असतात. भाग २ मध्ये एखादं कलम बदललं असेल तर तिथला नियम चालतो, भाग १ मधला नाही. फक्त भाग १ वाचून डिझाइन केलेली कितीतरी उपकरणं इथेच अडकतात.

दिव्यांसाठी आयईसी ६०५९८, टीव्ही, संगणक आणि चार्जरसाठी आयईसी ६२३६८-१, वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी ६०६०१-१, मोजमापाच्या आणि प्रयोगशाळेतल्या उपकरणांसाठी आयईसी ६१०१०-१. आत लिथियम बॅटरी असेल तर तिला आयईसी ६२१३३-२ वेगळं लागतं.

आवृत्तीचं सालही तपासा. ६०३३५-१ ची पाचवी आवृत्ती २०१० ची आणि सहावी २०२० ची. सगळे देश नवी आवृत्ती एकाच वेळी स्वीकारत नाहीत. माल जिथे विकायचा आहे तिथे कोणती आवृत्ती चालते आणि त्या देशाने कोणते फरक जोडले आहेत, हे लॅबला पहिल्याच ई-मेलमध्ये विचारा. उत्तर लेखी घ्या.

टप्पा २: शॉकपासून संरक्षण कोणत्या पद्धतीने देणार

क्लास १ म्हणजे बेसिक इन्सुलेशन आणि त्यावर अर्थिंग. क्लास २ म्हणजे अर्थिंग नाही, पण इन्सुलेशन दुहेरी किंवा त्याच तोडीचं मजबूत. रेटिंग प्लेटवर (उपकरणावरच्या माहितीच्या पट्टीवर) चौकोनात चौकोन असं चिन्ह. क्लास ३ म्हणजे पुरवठाच सुरक्षित कमी व्होल्टेजचा. तिन्हींत एक थर गेला तरी दुसरं काहीतरी माणसाला वाचवतं.

आपली धातूची किटली क्लास १. मग ज्या धातूच्या भागाला बोट लागतं आणि जो बेसिक इन्सुलेशन गेल्यावर जिवंत होऊ शकतो, म्हणजे ज्यात वीज येऊ शकते, तो प्रत्येक भाग अर्थिंगला जोडलेला हवा. झाकणाची बिजागरी, मुठीतला स्क्रू, शोभेची पट्टी, सगळं एकेक करून पाहा. रंगाच्या किंवा पावडर कोटिंगच्या थरावर वॉशर ठेवून केलेला अर्थिंगचा जोड म्हणजे अर्थिंग नव्हे. तिथला रंग काढावा लागतो किंवा रंग कापणारं दातेरी वॉशर लावावं लागतं.

टप्पा ३: अंतरं, आणि ती पीसीबी काढण्याआधी

क्लिअरन्स म्हणजे दोन भागांमधलं हवेतलं सर्वांत कमी अंतर. क्रीपेज म्हणजे इन्सुलेशनच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर. हवेतून ठिणगी उडू नये म्हणून पहिलं. धूळ आणि दमट हवेमुळे पृष्ठभागावर हळूहळू कार्बनची वाट तयार होऊ नये म्हणून दुसरं.

नेहमीच्या २३० व्होल्टच्या घरगुती उपकरणात बेसिक इन्सुलेशनला १.५ मिलिमीटर आणि मजबूत इन्सुलेशनला ३ मिलिमीटर क्लिअरन्स धरून चाला. क्रीपेज प्लास्टिकच्या जातीवर आणि आतल्या प्रदूषणाच्या पातळीवर ठरतं. साधारण पीसीबीच्या मटेरिअलसाठी, प्रदूषण पातळी २ असेल तर बेसिकला २.५ आणि मजबूतला ५ मिलिमीटर. समुद्रसपाटीपासून २००० मीटरहून उंच ठिकाणी वापरायचं उपकरण असेल तर हवा विरळ असल्याने क्लिअरन्स वाढवावं लागतं.

डिझाइनमध्ये हे आकडे जसेच्या तसे घेऊ नका, वर थोडी सूट ठेवा. लॅब सोल्डरिंगचा फुगवटा, सुट्या भागांचे वाकलेले पाय आणि सैल पडलेली वायर धरून मोजते. जागा कमी असेल तर पीसीबीला खाच पाडा. खाच किमान १ मिलिमीटर रुंद असेल तर क्रीपेज तिच्या कडेने वळसा घेऊन मोजलं जातं.

टप्पा ४: सुटे भाग

वायर, प्लग, स्विच, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज, रिले, एक्स आणि वाय कपॅसिटर, मोटर, जोडपट्ट्या, जिवंत भागांना धरणारं प्लास्टिक. या प्रत्येकाची एक यादी करा: उत्पादक, मॉडेल, रेटिंग, कोणत्या मानकाचं कोणतं प्रमाणपत्र. लॅब ही यादी मागणारच आणि रिपोर्टमध्ये छापणारच.

वेंडरने पाठवलेलं प्रमाणपत्र फाइलला लावून मोकळं होऊ नका. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या ऑनलाइन यादीत तो क्रमांक टाकून पाहा. प्रमाणपत्र चालू आहे का, त्यात तुमचंच मॉडेल आहे का, तापमानाचं रेटिंग तुमच्या उपकरणातल्या तापमानाला पुरतं का. ८५ अंशांचा स्विच १०५ अंशांच्या जागी बसवला असेल तर त्याच्या प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

कपॅसिटरबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे दोन गरजा एकमेकींना छेद देतात. रेडिओ गोंगाट कमी करून सिस्पर १४-१ (रेडिओ गोंगाटाचं मानक) मध्ये पास व्हायचं म्हणून डिझाइनर वाय कपॅसिटर, म्हणजे विजेची वायर आणि अर्थिंग यांच्यामध्ये बसणारा, मोठा घेतो. पण तोच कपॅसिटर अर्थिंगकडे गळती करंट वाढवतो आणि सुरक्षेच्या चाचणीत उपकरण नापास होतं. म्हणून फिल्टरची आणि गळतीची मोजणी एकाच दिवशी, एकाच सॅम्पलवर करून पाहावी.

एक्स कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये बसतो, त्याची गोष्ट वेगळी. प्लग ओढून काढल्यावर त्यात भरलेला चार्ज प्लगच्या पिनांवर राहतो. मानक म्हणतं की एका सेकंदानंतर पिनांमधलं व्होल्टेज ३४ व्होल्टपेक्षा जास्त नको. समजा कपॅसिटर ०.४७ मायक्रोफॅरड आणि त्याच्यावर १ मेगाओहमचा रोधक आहे. २३० व्होल्टचं शिखर ३२५ व्होल्ट. एका सेकंदाने साधारण ३९ व्होल्ट उरतात, म्हणजे नापास. रोधक ८२० किलोओहमचा केला तर २४ व्होल्ट, पास. पण कपॅसिटर त्यावर छापलेल्या मायक्रोफॅरडपेक्षा २० टक्के जास्त निघाला तर पुन्हा ३७ व्होल्ट. म्हणून ६८० किलोओहम घ्यायचा. मग वाईटात वाईट कपॅसिटरलाही २४ च्या आसपास राहतं. सगळी आकडेमोड अशीच सर्वांत वाईट सुटा भाग धरून करायची सवय लावा.

टप्पा ५: रेटिंग प्लेट आणि सूचनापत्रक

यात नापास होणं सर्वांत सोपं आणि टाळणंही सर्वांत सोपं. रेटेड व्होल्टेज, पुरवठ्याचा प्रकार, वॅट किंवा अँपिअर, उत्पादकाचं नाव, मॉडेल, लागू असेल तर क्लास २ चं चिन्ह आणि आयपी क्रमांक (धूळ आणि पाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारा). छपाई टिकली पाहिजे: पाण्याने भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद आणि मग पेट्रोलिअम स्पिरिटने भिजवलेल्या कापडाने १५ सेकंद घासल्यावरही अक्षरं वाचता यायला हवीत. हे आपल्या टेबलावरच करून पाहता येतं.

आयपी क्रमांक छापताना हात आखडता ठेवा. आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं बुडवून चालतं, पण जोराच्या फवाऱ्याखाली टिकेल असा त्याचा अर्थ होत नाही. जे छापाल त्याची चाचणी होते. गरज नसेल तर दावा करू नका.

टप्पा ६: आधी आपल्या टेबलावर

लॅबचं प्रत्येक यंत्र विकत घ्यायची गरज नाही. चाचणी बोट मात्र घ्याच. १२ मिलिमीटर व्यासाचं, ८० मिलिमीटर लांबीचं, माणसाच्या बोटासारखं सांध्यांत वाकणारं हे साधन प्रत्येक फटीत, प्रत्येक झाकणाखाली घालून पाहा. हाताने निघणारं झाकण काढून मगच तपासायचं. नव्या आवृत्तीत लहान मुलाच्या बोटाच्या मापाचं वेगळं साधनही आलं आहे, त्यामुळे हवेच्या जाळ्या आणि बटणांभोवतीच्या फटी त्यानेही तपासा.

वॅट मोजा. आपल्या किटलीला छापील आकड्यापेक्षा ५ टक्के जास्त आणि १० टक्के कमी एवढी मोकळीक आहे, म्हणजे १३५० ते १५७५ वॅट. कॉइल पुरवणाऱ्याने रोधात धरलेला कमी-जास्त फरक याच्या आत बसतो का, ते त्याच्या डेटाशीटवरून पाहा.

मग तापमान. थर्मोकपलची (तापमान मोजणाऱ्या दोन धातूंच्या तारांच्या जोडीची) बारीक वायर वापरा, ०.३ मिलिमीटरपेक्षा जाड नको. जाड वायर स्वतःच उष्णता वाहून नेते आणि आकडा खोटा कमी दाखवते. हीटिंग उपकरण रेटेड पॉवरच्या १.१५ पटीने, म्हणजे किटली १७२५ वॅटवर चालवायची. मोटरचं उपकरण ०.९४ ते १.०६ पट व्होल्टेजच्या दरम्यान जिथे परिस्थिती सर्वांत वाईट असेल तिथे. उपकरण काळ्या रंगाच्या प्लायवुडच्या कोपऱ्यात ठेवतात, कारण लोकही ते भिंतीला टेकवूनच ठेवतात.

मिक्सरच्या मोटरची वाइंडिंग आतून किती तापली हे थर्मोकपलला नीट कळत नाही. म्हणून वाइंडिंगचा रोध मोजून काढतात. समजा सुरुवातीला २५ अंशांना वाइंडिंगचा रोध २० ओहम होता आणि शेवटी, खोलीचं तापमान २७ झालेलं असताना, २६ ओहम भरला. वाढलेला भाग ६ भागिले २०, गुणिले २३४.५ अधिक २५, आणि त्यातून खोलीच्या वाढलेल्या २ अंशांची वजाबाकी. उत्तर जवळपास ७६ केल्विन. इन्सुलेशन क्लास ए असेल तर मर्यादा ७५, म्हणजे नापास. क्लास ई असेल तर मर्यादा ९०, म्हणजे आरामात पास. (२३४.५ हा आकडा तांब्यासाठी, ॲल्युमिनिअमला २२५.) मोटर बंद केल्यावर रोध जितक्या लवकर मोजाल तितकं बरं. काही सेकंदांच्या अंतराने चार-पाच नोंदी घेऊन आलेख मागे शून्य सेकंदापर्यंत ओढायचा.

टप्पा ७: लॅब निवडणं

लॅबला आयएसओ/आयईसी १७०२५ ची मान्यता आहे का, आणि त्या मान्यतेच्या व्याप्तीत तुमचं भाग १ आणि भाग २ दोन्ही मानकं आहेत का, हे पाहा. नुसती मान्यता असून चालत नाही. पंख्यांची मान्यता असलेल्या लॅबने किटलीचा दिलेला रिपोर्ट कुणी स्वीकारणार नाही.

एकापेक्षा जास्त देशांत विकायचं असेल तर सीबी योजनेतून चाचणी करून घ्या. पन्नासहून अधिक देशांतल्या संस्था या योजनेत आहेत. एकदाच चाचणी होते आणि त्या रिपोर्टवर प्रत्येक देशाचे फरक जोडून स्थानिक प्रमाणपत्र मिळवता येतं. सीबी प्रमाणपत्र हा स्वतः शिक्का नाही, त्याच्या जोरावर उपकरणावर काही छापायचं नाही. शिक्क्यांची पद्धतही देशागणिक वेगळी: युरोपात सीई चिन्ह बहुतेक घरगुती उपकरणांसाठी उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो आणि तांत्रिक फाइल जवळ ठेवतो, तर चीनच्या सीसीसीसाठी ठरावीक उत्पादनांना बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र लागतं.

सॅम्पलसोबत सर्किट डायग्राम, पीसीबीचा नकाशा, सुट्या भागांची यादी, वाइंडिंगची माहिती, रेटिंग प्लेटचा मसुदा आणि सूचनापत्रक पाठवा. झाकण चिकटवलेलं असेल तर न चिकटवलेलं एक सॅम्पल वेगळं द्या, नाहीतर आतली अंतरं मोजायला ते फोडावं लागतं.

टप्पा ८: लॅबमध्ये काय होतं

बहुतेक चाचण्या एकाच सॅम्पलवर, मानकातल्या कलमांच्या क्रमाने होतात. हा क्रम मुद्दाम आहे. आधी तापवून, मग भिजवून, मग ओढून-ठोकून दमवलेल्या उपकरणाचं इन्सुलेशन अजून टिकलंय का, हे पाहायचं असतं. नव्या कोऱ्या सॅम्पलला हायपॉट (इन्सुलेशन फुटतं का ते पाहणारी उच्च व्होल्टेजची चाचणी) मारून घरी मिळालेला पास म्हणूनच फारसा उपयोगाचा नसतो.

गरम अवस्थेतच गळती करंट मोजतात. हातात उचलून वापरायच्या क्लास १ उपकरणाला ०.७५ मिलिअँपिअर, जागेवर बसवलेल्या मोटरच्या क्लास १ उपकरणाला ३.५ मिलिअँपिअर. हे आकडे कुठून आले? माणसाला साधारण अर्ध्या मिलिअँपिअरपासून मुंग्या जाणवायला लागतात आणि दहाच्या आसपास हात आकडून पकड सुटेनाशी होते. अर्थिंगची वायर तुटली तर हीच गळती माणसाच्या अंगातून जाईल, तेव्हा ती हात सोडवता येण्याच्या पातळीच्या बरीच खाली हवी.

किटलीत १ टक्का मिठाचं पाणी काठोकाठ भरून वर आणखी ओततात: किटलीच्या मापाच्या १५ टक्के किंवा पाव लिटर, जे जास्त असेल ते, एका मिनिटात. नंतर उपकरण ४८ तास ९३ टक्के आर्द्रतेत ठेवतात. बाहेर काढल्यावर लगेच गळती आणि हायपॉट: बेसिक इन्सुलेशनला १२५० व्होल्ट, मजबूत इन्सुलेशनला ३००० व्होल्ट, एक मिनिट. पाणी ओतल्यावर ते कुठे वाहत जातं हे डिझाइन करतानाच रंगीत पाण्याने पाहून ठेवा. ते टर्मिनलकडे जात असेल तर एक छोटा उभा कठडा आणि खाली निचऱ्याचं भोक पुरतं.

वायरच्या पकडीची चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे. वायर जिथे आत शिरते तिथे तिच्यावर खूण करतात. मग १ ते ४ किलो वजनाच्या उपकरणाला ६० न्यूटन जोराने, प्रत्येकी एक सेकंद, २५ वेळा ओढतात आणि नंतर पीळ देतात. खूण २ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकली की नापास. आत अर्थिंगची वायर फेज-न्यूट्रलपेक्षा लांब ठेवलेली आहे का, हेही पाहतात. पकड सुटलीच तर आधी विजेच्या वायरींवर ताण यावा आणि अर्थिंग सर्वांत शेवटी सुटावं, यासाठी. असेंब्लीच्या माणसाला ही लांबी नमुना टांगून दाखवा, नुसती ड्रॉइंगवर लिहून ठेवू नका.

अर्थिंगच्या जोडातून २५ अँपिअर किंवा रेटेड करंटच्या दीडपट, जे जास्त असेल ते, सोडतात, रोध ०.१ ओहमच्या आत हवा. मल्टिमीटरने बीप वाजला म्हणजे अर्थिंग ठीक, असं समजू नका. एका तारेवर टिकून असलेला जोडही बीप वाजवतो.

मग येतं असामान्य वापराचं कलम, आणि माझ्या मते हेच सगळ्या मानकाचा गाभा आहे. किटली रिकामी चालवतात. नेहमीचा थर्मोस्टॅट मुद्दाम शॉर्ट करतात. मिक्सरची मोटर अडकवून ठेवतात. पीसीबीवरचे सुटे भाग एकेक करून शॉर्ट किंवा ओपन करतात. उपकरण बंद पडलं, कायमचं निकामी झालं तरी चालेल. ज्वाळा, वितळलेला धातू, विषारी वायू बाहेर येता कामा नये, आणि थंड झाल्यावर इन्सुलेशन पुन्हा तपासलं जातं. म्हणून थर्मोस्टॅट आणि थर्मल कटआउट (फार तापल्यावर वीज तोडणारा भाग) हे दोन वेगळे भाग हवेत; एकाच भागावर दोन्ही कामं सोपवली की पहिल्याच बिघाडात दोन्ही जातात.

आगीसाठी प्लास्टिकचे तुकडे वेगळे तपासतात. जिवंत जोड धरणाऱ्या भागांना ग्लो वायर लागते, लक्ष न ठेवता चालणाऱ्या उपकरणात ८५० अंशांपर्यंत. बॉल प्रेशर चाचणीत ५ मिलिमीटरचा पोलादी गोळा २० न्यूटनने तासभर दाबतात. खळगा २ मिलिमीटरपेक्षा मोठा नको.

टप्पा ९: नापास झालात तर

नापास झालेल्या कलमाचा क्रमांक, मोजलेला आकडा आणि फोटो मागा. सॅम्पल परत घ्या आणि स्वतः उघडून पाहा. दुरुस्ती केल्यावर फक्त तेवढीच चाचणी पुन्हा पुरेल की आधीच्याही कराव्या लागतील, हे लॅबशी बोलून ठरवा. प्लास्टिक बदललं तर तापमानाची चाचणी परत येते, फिल्टर बदलला तर गळतीची. मर्यादेच्या अगदी काठावर पास झालेल्या नोंदीही बाजूला काढा. उत्पादनात दर तुकडीत थोडा फरक पडतोच, आणि काठावरचं उपकरण एखाद्या तुकडीत पलीकडे जातं.

टप्पा १०: प्रमाणपत्रानंतर

उत्पादनाच्या ओळीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक नगावर तीन चाचण्या करायच्या: अर्थिंगची सलगता किमान १० अँपिअरवर, एक सेकंदाचा हायपॉट आणि चालू करून पाहणं. हायपॉटच्या टेबलाला कुलूपबंद झाकण आणि लाल दिवा हवाच. इथे काम करणारा माणूस रोज हजार व्होल्टच्या शेजारी बसतो. रोज सकाळी मुद्दाम बिघडवून ठेवलेला एक नग यंत्रावर लावा. यंत्राने तो नाकारला तरच उत्पादन सुरू करायचं.

खरेदी विभागाला सुट्या भागांच्या त्या यादीची एक प्रत द्या आणि ठरवून टाका की यादीतली कोणतीही वस्तू इंजिनिअरच्या सहीशिवाय बदलायची नाही. स्वस्त स्विच, दुसरी वायर, प्लास्टिकचा नवा रंग. रंगद्रव्य बदललं तरी प्लास्टिकचं ज्वलनाचं रेटिंग बदलू शकतं. बदल करायचाच असेल तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला आधी कळवा, तिने सांगितलेली चाचणी करा आणि मगच नवा माल ओळीवर घ्या. प्रत्येक तुकडीतला एक नग, त्याच्या सुट्या भागांच्या लॉट क्रमांकांसह, वेगळा ठेवा. बाजारातून तक्रार आली तर पहिल्यांदा त्याच नगाला उघडून पाहावं लागतं.